चिमाजीरावांची कांदेतुला

वजन ही वस्तू आणि पृथ्वी यांच्यातली खासगी बाब आहे, तिच्यात तिसऱ्यानं पडू नये, असं निवृत्ती गांगुर्डेचं मत होतं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाला असली मतं परवडतात. पण एकोणऐंशीच्या डिसेंबरात, लोकसभेची निवडणूक तोंडावर आलेली असताना, नाशकातल्या एका पुढाऱ्याचं वजन त्याच्या गळ्यात पडलं, आणि ते तिथून उतरेपर्यंत निवृत्तीच्या बहुतेक मतांची धूळधाण झाली.

सुरुवात झाली एका पालीपासून.

नाशकातल्या द्वारका नाक्यापलीकडच्या वसाहतीतल्या ज्या शाळेत निवृत्ती विज्ञान शिकवायचा, तिथली प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट होतं. त्यात एक लोहचुंबक, एक तडा गेलेलं चंचुपात्र आणि आधीच्या सरांनी ठेवलेली छत्री होती. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले, त्यांनी कपाट उघडलं, आणि आतून पाल निघून त्यांच्या बुटावरून शांतपणे चालत गेली. साहेबांनी शेरा मारला: "प्रयोगशाळा आढळली नाही." जाताना तोंडी सांगून गेले, की जूनपर्यंत प्रयोगशाळेची खोली उभी राहिली नाही तर विज्ञानाची मान्यता जाईल. आणि मान्यता गेली, की विज्ञानाच्या शिक्षकाची जागाही जाईल. "म्हणजे हे," असं म्हणून त्यांनी पेन निवृत्तीकडे रोखलं. छत्री दाखवावी तसं.

मुख्याध्यापिका यशोदाबाई या कामाच्या बाई. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निवृत्तीला बरोबर घेतलं आणि द्वारकेवर भिकनशेठच्या पेढीवर नेलं. भिकनशेठ चांदवडकडचे, कांद्याचे मोठे व्यापारी. त्या हिवाळ्यात कांदा असा कडाडला होता, की वसाहतीत मुलगी बघायला येणाऱ्यांना नुसते पोहे मिळत होते आणि पाहुणे त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. अशा दिवसांत कांद्याच्या व्यापाऱ्याला नुसतं नमस्कार म्हणायलासुद्धा धीर लागायचा.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, खोलीचं काय, खोली बांधून टाकू. पन नुसती देनगी दिली तर दिसती कुनाला? दानावर उजेड पडाया पायजे. आपुन चिमाजीरावांची तुला करू. कांद्याची!"

"तुला?" यशोदाबाई म्हणाल्या.

"एका पारड्यात चिमाजीराव, दुसऱ्या पारड्यात लाल कांदा. बरोबरी झाली, की पारड्यातला सगळा माल शाळेचा. इकून खोली बांधा. चिमाजीराव खूश, शाळा खूश. अन् काट्याचं काम सायन्सवाल्या सरांकडं. बरोबरी झाली का नाय ते सर सांगतील. त्यांचा शबूद शेवटचा."

चिमाजीराव जुन्या पक्षाचे उमेदवार. ते निवडून येणार, हे द्वारकेच्या पानवाल्यापासून अंबडच्या कारखानदारांपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून तर सगळे धनिक त्यांच्यामागे होते. त्यांचं शरीरही निवडून आल्यासारखंच होतं. बाईंनी निवृत्तीकडे पाहिलं. निवृत्तीनं मनातल्या मनात अंदाज केला: चिमाजीरावांच्या वजनाच्या कांद्यात, त्या दिवसांच्या भावानं, चार भिंती आणि वर पत्र्याचं छप्पर आरामात बसत होतं.

"करू," तो म्हणाला. कॉलेजात सूक्ष्म तराजूवर मीठ तोलताना त्याचा हात कधी थरथरला नव्हता. पुढारी म्हणजे मिठापेक्षा मोठा नमुना, एवढाच काय तो फरक.

आता माणूस बसेल एवढा तराजू आणायचा कुठून? निवृत्तीची शेजारीण विमलाबाई हिच्याकडे जगातल्या सर्व प्रश्नांची उत्तरं तयार असायची. प्रश्न नसला तरी उत्तर असायचं. ती म्हणाली, "झुंबरच्या वखारीत आहे की. जळण तोलायचा. माझी सासू एकदा त्यात बसली होती."

"का?"

"रागावून. उठेचना."

झुंबरच्या लाकडाच्या वखारीत खरोखरच भला थोरला काटा टांगलेला होता. लोखंडी दांडी, साखळदंड, फळ्यांची पारडी. निवृत्तीनं दोन्ही पारड्यांत आलटून पालटून तेच लाकूड ठेवून पाहिलं, कारण शास्त्र तसं सांगतं. एका बाजूनं जे लाकूड भरत होतं, ते दुसऱ्या बाजूनं भरत नव्हतं.

"झुंबरभाऊ, तुमच्या दांडीचा एक हात लांब आहे."

झुंबरनं इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोला, सर. आज्याच्या टायमापासून हाय तो. आज्याची आठवन म्हनून ठिवलाय."

"पण याच्यावर तोललेलं जळण कमी भरतं."

"लोकायला कमी भरतं. मला बराबर भरतं."

निवृत्तीनं लोहाराकडून मधली कडी सरकवून दांडी सरळ करून घेतली. झुंबरनं आपल्या घरातलं लग्न मोडत असल्यासारख्या चेहऱ्यानं ते बघितलं. "आता तुला झाल्यावर मी खाऊ काय?" एवढंच तो म्हणाला. सत्याच्या शोधात कोणाचं तरी नुकसान होतंच, असं निवृत्तीनं स्वतःला समजावलं. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, हेही खरं.

वसाहतीतल्या एका जाणत्यानं मग शंका काढली, की मोठा काटा वापरायचा तर वजनमापे खात्याची परवानगी लागत असणार. कोणी शंका काढली नसती तर ती लागलीही नसती. निवृत्ती त्या कचेरीत जाऊन उभा राहिला.

"काटा कशासाठी?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"पुढाऱ्यासाठी."

"किरकोळ की घाऊक?"

"एकच आहे, साहेब. त्यांची तुला करायची आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "हे बघा, माल विक्रीचा असेल तर काट्यावर सरकारी शिक्का लागतो. शिक्क्यासाठी काटा इथं आणावा लागेल. विक्रीचा नसेल तर शिक्का नको. पण तसं लेखी द्या."

"काय लेखी?"

"की सदर पुढारी विक्रीसाठी नाही."

"सही कोणाची?"

"मालकाची."

"पुढाऱ्याचा मालक कोण?"

साहेबांनी वर पंख्याकडे पाहिलं. डिसेंबर असल्यामुळे पंखा बंद होता. "ते तुम्ही ठरवून या," ते म्हणाले.

निवृत्ती कागद घेऊन भिकनशेठकडे गेला. शेठनी तो वाचला, सहीसाठी पेन उघडलं, थांबले, आणि टोपण पुन्हा लावलं. "मालक म्हनून आत्ताच सही नको, सर. निकाल लागू द्या, मंग मालकीचं बघू." चिमाजीरावांच्या कार्यकर्त्यानं कागद आमच्या साहेबांना दाखवून आणतो म्हणून नेला तो परतच येईना. आला तेव्हा म्हणाला, "साहेबांची हरकत नाही. फक्त 'सध्या' हा शब्द घाला म्हणाले. सदर पुढारी सध्या विक्रीसाठी नाही." त्यावर चिमाजीरावांची लांबलचक सही होती. वजनमापे खात्यानं तो कागद आनंदानं ठेवून घेतला. इतका स्पष्ट कागद त्यांच्याकडे पूर्वी आला नव्हता म्हणे.

एवढं होईतो हवा बदलली.

हवा म्हणजे काय, हे निवृत्तीला नीट ठाऊक होतं. नायट्रोजन, ऑक्सिजन आणि बाकीचे वायू. पण द्वारकेवरची हवा निराळीच होती. ती पेढ्यांच्या गाद्यांवरून वाहायची, आणि सकाळी एक तर संध्याकाळी दुसरीच असायची. त्या आठवड्यात ती नव्या पक्षाच्या बाजूनं वाहू लागली. नव्या पक्षाचे उमेदवार कोंडाजीबापू. निवृत्ती मंडपाचं विचारायला पेढीवर गेला, तर तिथं पेंटर कापडी फलक रंगवत बसला होता. फलकावर लिहिलं होतं: "यांची भव्य कांदेतुला". "यांची"च्या आधी दोन हात कोरं कापड होतं.

"नाव?" निवृत्तीनं विचारलं.

"नाव ऱ्हाऊ द्या," शेठ म्हणाले. "नाव शेवटाला टाकू. रंग ताजा दिसतो. कसंय सर, कोंडाजीबापूबी मानूस वाईट नाय."

"पण शेठ, तुम्ही तर जुन्या पक्षाचे."

शेठ दुखावले. "लोक म्हनत्यात भिकनशेठ पक्ष बदलतो. आपुन जन्मात पक्ष बदलला नाय, सर. जो सरकारात, तो आपला. आपुन हाय तिथंच हाय. आता सरकारच सारखं हालत आसंल, तर त्याला भिकन काय करनार?"

निवृत्तीला घाम फुटला, पण त्याचं कारण तत्त्वांशी संबंधित नव्हतं. कोंडाजीबापू हे अनेक उपोषणांमधून वर आलेले नेते होते. बाजूनं पाहिलं तर ते पटकन दिसत नसत. चिमाजीरावांत भिंती आणि छप्पर दोन्ही बसत होतं. कोंडाजीबापूंत खिडकीच्या खालपर्यंतच्या भिंती. तोवर निवृत्तीला राजकीय मतं अशी नव्हतीच. ती त्या संध्याकाळी पेढीच्या पायरीवर तयार झाली, आणि शुद्ध वस्तुमानावर आधारलेली असल्यामुळे अत्यंत पक्की होती. पायरी उतरेपर्यंत तो चिमाजीरावांचा कट्टर समर्थक झालेला होता.

त्यानं हे दुःख विमलाबाईला सांगितलं, ही चूक. पण शेजार हा चुका सांगण्यासाठीच असतो.

"अहो, मग चिमाजीरावांना खाऊ घाला की," ती म्हणाली. "शेठला माल द्यायचाय ना? माणूस जितका भरदार, तितका देणारा मोठा दिसतो. शेठ कशाला त्या काटकुळ्याला बसवतील?"

दुसऱ्या दिवसापासून वसाहतीतून चिमाजीरावांच्या बंगल्यावर डबे जाऊ लागले. डिंकाचे लाडू, शंकरपाळे, तुपातला शिरा, एका घरून तर नुसतंच तूप. स्वतःच्या पोरांना ज्यांनी एक लाडू दोघांत दिला, त्या बायांनी चिमाजीरावांना डबे भरून पाठवले, कारण त्यांच्या पोरांची प्रयोगशाळा त्यांच्या अंगात साठत होती. यशोदाबाई म्हणाल्या, "गांगुर्डे, आपण शाळा चालवतो आहोत की गोठा?" पण त्याच संध्याकाळी त्यांच्याही घरून बासुंदीची बरणी रवाना झाली.

चिमाजीरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते कार्यकर्त्यांना म्हणाले, "त्या वसाहतीत आपली जबरदस्त लाट आहे रे." ही लाट कार्यकर्त्यांकडून पानवाल्याकडे, पानवाल्याकडून ट्रकवाल्या शेठकडे आणि तिथून भिकनशेठकडे गेली. हवा पुन्हा फिरली. फलकावरच्या कोऱ्या जागेत "चिमाजीराव" हे नाव रंगवलं गेलं. रंग मात्र, निवृत्तीनं बोट लावून पाहिलं, पाण्यानं निघणारा होता.

तुलेच्या सकाळी शाळेसमोरच्या मैदानात अख्खी वसाहत लोटली. मंडपवाल्यानं हौसेनं बल्ल्यांची तिकाटी भलतीच उंच बांधली होती, लांबून दिसावं म्हणून. तिला झुंबरचा काटा टांगलेला. झुंबर पारड्याजवळ असा उभा होता, की काटा नव्हे, त्याची लेकच सासरी चालली आहे. दांडीच्या मध्यावर निवृत्तीनं स्वतः एक पितळी काटा बसवला होता आणि त्याच्यामागे पांढऱ्या पुठ्ठ्यावर तांबडी रेघ. काटा रेघेवर आला की बरोबरी. तिथं तो स्टुलावर चढून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच इतके लोक फिजिक्सकडे बघत होते.

व्यासपीठावर धनिक मंडळी रांगेत बसली होती. भिकनशेठनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं, "बरोबरी झाली, की पारड्यातला माल शाळेचा! शबूद म्हंजी शबूद!" टाळ्या झाल्या. चिमाजीराव पारड्यात बसले. पारडं कुरकुरलं आणि जमिनीला टेकलं.

कांद्याच्या गोण्या चढू लागल्या. एक चढली, पारडं ढिम्म. आणखी चढल्या. चिमाजीरावांचं पारडं जरा हललं, आणि इथेच ट्रकवाल्या शेठना उत्साह आला. कोंडाजीबापूंची चांदवडला गूळतुला झाली होती. आपले साहेब त्यांच्या दुप्पट दिसले पाहिजेत, असं म्हणत त्यांनी ट्रकच्या टायरएवढा झेंडूचा हार आणला. तो दोघांनी मिळून गळ्यात घातला. पारडं पुन्हा टेकलं. अंबडच्या कारखानदारानं आपल्या कारखान्यातल्या लेथ मशीनची बिडाची प्रतिकृती साहेबांच्या मांडीवर ठेवली. साहेबांच्या तोंडून एक अक्षर निघालं, पण ते आभाराचं नव्हतं. मग शाली, नारळ, चांदीच्या मुठीची तलवार. मागे राहिलो तर दिसू, या भीतीनं जो तो पुढं होत होता. एरवी पुढारी गळ्यात पडलेला हार लगेच काढून मागच्याकडे देतो. चिमाजीरावांनी एकही काढला नाही. हारातून आता त्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि समोरच्या गोण्यांतल्या कांद्यामुळे त्यांतून धारा लागल्या होत्या.

"साहेब गहिवरले," कार्यकर्ता माईकवरून म्हणाला.

शेवटची गोणी चढली. काटा रेघेच्या अलीकडेच थांबला. भिकनशेठनी आणलेला माल संपला होता. त्यांनी हिशेब केला होता तो चिमाजीरावांच्या जुन्या वजनाचा. त्यात डिंकाचे लाडू नव्हते, बासुंदी नव्हती, लेथ मशीन तर नव्हतंच नव्हतं.

"झाली का हो सर, बरोबरी?" शेठनी खालून विचारलं, अशा आवाजात की हो म्हणायला काय जातंय.

निवृत्तीनं पुन्हा एकदा काट्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर खोली उभी राहत होती, नोकरी राहत होती. पण काटा रेघेवर नव्हता. कोणाला न दिसण्याइतका दूर असता तरी गोष्ट वेगळी होती. हा चांगला बोटभर दूर होता, आणि पुठ्ठा त्यानंच पांढरा शुभ्र लावला होता.

"नाही, शेठ. अजून माल लागेल."

यशोदाबाईंनी डोळे मिटून घेतले. शेठनी दात खात आपल्या मुनिमाला स्कूटरवर पेढीकडे पिटाळलं, आणखी गोण्या आणायला. सनईवाल्यांनी तेवढ्यात पुन्हा सुरू केलं. चिमाजीराव गहिवरतच होते.

मुनीम परत आला तो गोण्यांशिवाय. पेढीवर फोन आला होता. त्यानं शेठच्या कानात काही सांगितलं. शेठचा चेहरा बदलला, आणि ते शेजारच्या ट्रकवाल्याच्या कानाला लागले. ती कुजबूज रांगेतून अशी गेली, जशी तारेतून वीज जाते. निवृत्तीला स्टुलावरून ती जाताना अक्षरशः दिसली. बातमी अशी होती, की जिल्ह्यातले सगळ्यांत मोठे पुढारी दादासाहेब, ज्यांच्या शब्दावर सगळं हलायचं, ते आज सकाळी मुंबईत आपल्या सगळ्या माणसांसकट नव्या पक्षात गेले. चिमाजीराव तेवढे मागे राहिले, कारण त्या वेळी ते पारड्यात बसले होते.

ट्रकवाले शेठ लगबगीनं पुढं झाले. "साहेब, हारात गांधीलमाशी दिसतीय. काढतो हां जरा." टायर निघाला. पारडं जमिनीवरून सुटलं. मागोमाग शालवाले आले. "ऊन लागतंय साहेबांना, किती गरम होत असेल." शाली निघाल्या. नारळ कोणीतरी "देवाला वाढवून आणतो" म्हणून नेले. तलवारवाला काहीच न बोलता तलवार घेऊन गेला. हातात तलवार असलेल्या माणसाला कारण सांगावं लागत नाही. सगळे मुनिमाकडे आणि एकमेकांकडे बघत होते. काट्याकडे बघणारा मैदानात एकच माणूस होता.

"अहो, काय चाललंय काय?" हारांतून मोकळे होत चिमाजीराव म्हणाले.

"काही नाही, साहेब," अंबडचे कारखानदार त्यांच्या मांडीवरचं लेथ मशीन उचलत म्हणाले. "जरा पॉलिश करून आणतो."

बीड निघालं आणि चिमाजीराव वर गेले. सावकाश नाही. सप्पकन. समोरचं कांद्याचं पारडं धाडदिशी जमिनीला टेकलं आणि चिमाजीराव मंडपवाल्यानं हौसेनं बांधलेल्या उंचीवर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, दोन्ही हातांनी साखळ्या धरून झुलू लागले. सनई थांबली.

"खाली घ्या!" वरून आवाज आला.

तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं. व्यासपीठावरच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या. बाहेर मोटारी सुरू होत होत्या, आणि कोंडाजीबापूंच्या घराकडे तोंडं वळत होती. कार्यकर्तेही त्याच मोटारींत चढत होते. फक्त भिकनशेठ मागे राहिले, कारण माल त्यांचा होता.

"चला रे, गोन्या भरा परत," ते हमालांना म्हणाले. "तुला झालीच नाय. सरांनी आत्ता सगळ्यांसमक्ष सांगितलं. माल पेढीवर न्या. बापूंच्या तुलेला लागंल."

आणि मग निवृत्ती स्टुलावरून म्हणाला, "तुला झाली, शेठ."

"कवा?"

"आत्ता. लेथ मशीन उचललं तेव्हा. काटा रेघेच्या अलीकडे होता, आता पलीकडे आहे. मध्ये तो रेघेवरून गेला. मी पाहिलं."

"गेला आसंल. थांबला कुठं?"

"थांबण्याची अट कुठं होती? बरोबरी झाली की माल शाळेचा, असं तुम्ही माईकवरून म्हणालात. माझा शब्द शेवटचा, असंही म्हणाला होतात."

"आवो, डोळ्याचं पातं लवतंय तेवढ्या येळाची बरोबरी! ही काय बरोबरी हाय?"

"शेठ," निवृत्ती म्हणाला, आणि आपण हे बोलतो आहोत याचं त्यालाच आश्चर्य वाटलं, "सकाळी तुम्ही जुन्या पक्षात होता. आता नव्यात आहात. मध्ये पातं लवेपर्यंत तरी कुठल्याच पक्षात नसालच की. तेवढ्या वेळात तुम्ही शाळेला देणगी दिलीत."

मैदान हसलं. शेठ मात्र हसले नाहीत, विचारात पडले. निवृत्ती सहज बोलून गेला होता, पण शेठना त्यात व्यवहार दिसू लागला होता. कांदे चिमाजीरावांना दिले, असं द्वारकेवर झालं, तर नव्या पक्षात तोंड दाखवायची सोय नाही. कांदे परत नेले, तर देऊन घेतले असं होणार. शाळेला दिले म्हटलं, तर कुणीच काही म्हणणार नाही.

त्यांचा विचार पुरा व्हायच्या आत वरून चिमाजीराव गरजले, "झाली! तुला झाली! मी पारड्यात होतो, मला कळलं!" अर्ध्यावर राहिलेल्या तुलेचा पुढारी म्हणून जन्मभर मिरवण्याची त्यांची इच्छा नव्हती. "अरे, कांदे काढा ते! शाळेत न्या! मला खाली घ्या!"

"हात लावू नगा!" शेठ म्हणाले.

"नाय काढले तर साहेब ऱ्हात्यात वरच," झुंबर शांतपणे म्हणाला. आपल्या काट्यानं आज जे करून दाखवलं, त्याचा अभिमान त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "अन् आज्याच्या साखळ्या हायेत, शेठ. लय येळ धरायच्या नाय. पुढारी पडला तुमच्या कांद्यापायी, तर पेपरात नाव कुनाचं येनार?"

शेठनी हात हवेत उडवले. "न्या! शाळेला दिले! आपुन शाळेलाच देनार हुतो!"

विमलाबाईनं पदर खोचला. तिच्यामागे सारी वसाहत धावली. निवृत्ती ओरडत होता, "एकेक गोणी! हळू! एकदम काढाल तर साहेब आपटतील!" एक गोणी शाळेच्या दारातून आत जायची आणि चिमाजीराव थोडे खाली यायचे, दुसरी जायची, आणखी थोडे. असा हळुवार उतरलेला पुढारी नाशकानं पाहिला नव्हता. त्यांचे पाय जमिनीला लागले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. त्यांनी निवृत्तीचा हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, या वसाहतीची लाट मी विसरणार नाही." मग रस्त्यावर जाऊन ते रिक्षा शोधू लागले, कारण त्यांची मोटारही कोणीतरी कोंडाजीबापूंकडे नेली होती.

कांद्यांचा लिलाव दुसऱ्याच दिवशी झाला. उन्हाळ्यात खोली उभी राहिली: चार भिंती आणि वर पत्रा, निवृत्तीच्या अंदाजाप्रमाणे. डिंकाच्या लाडवांत एक बेसिन निघालं.

जूनमध्ये तेच शिक्षण खात्याचे साहेब आले, बूट जपत आत शिरले आणि "प्रयोगशाळा आढळली" असा शेरा मारून निवृत्तीच्या जागेवर शिक्कामोर्तब करून गेले. उद्घाटनाला भिकनशेठ आले. दोघा पुढाऱ्यांनाही बोलावलं होतं. एव्हाना चिमाजीराव नव्या पक्षात आणि कोंडाजीबापू जुन्या पक्षात होते, त्यामुळे फीत दोघांनी दोन टोकांनी कापली आणि शेठ बरोबर मध्यावर उभे राहिले.

भाषणं झाल्यावर शेठ एकटेच प्रयोगशाळेत रेंगाळले. काचेच्या पेटीत नवा सूक्ष्म तराजू होता. निवृत्तीनं कळ फिरवून त्याची दांडी मोकळी करून दाखवली. त्याचा बारीक काटा डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे गेला. शेठ नाक काचेला लावून बघत राहिले.

"ह्यो थांबतो कवा?"

"फार वेळानं. पण थांबेपर्यंत वाट बघावी लागत नाही. दोन्हीकडचे हेलकावे नीट बघितले, की तो शेवटी कुठं थांबणार ते आधीच काढता येतं."

शेठ एकदम सरळ झाले. त्यांनी दाराकडे पाहिलं, कोणी नाही याची खात्री करून घेतली, आणि निवृत्तीच्या अगदी जवळ आले.

"आधीच? थांबायच्या आधी?"

"हो."

"सर," शेठ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून पेढीवर या. पगार तुम्ही सांगाल तो. पुढच्या निवडणुकीपर्यंत फकस्त हेलकावे बघायचे."

निवृत्तीनं हसून पेटीचं दार लावलं. "नाही जमणार, शेठ. मी इथं कायम झालोय."

"कायम?" शेठनी विचारलं. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेला दिसला.